हळद निघाली की या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. अक्काला सांगायचं म्हणून मुद्दाम गाडीत बसून गेलो, तिच्या हातचं जेवलो आणि तसाच परत आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा एवढंच. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते.

आधी कामाचं सांगतो. कामाबद्दल मी तासन्‌तास बोलू शकतो, आणि खरी गोष्ट तेवढीच पुढे ढकलली जाते — ही माझी जुनी खोड आहे, तुम्ही लक्षात ठेवा.

मी हैदराबादेत एका कॅन्सरच्या दवाखान्यात नोंदणी विभागात आहे. डॉक्टर नाही. आलेला पेशंट कुठल्या जिल्ह्यातला, त्रास कधी सुरू झाला, आधी कुणाला विचारलं, आणि इथे पोचला तेव्हा आजार कुठवर गेला होता, हे विचारायचं आणि संगणकात भरायचं. वर्षाअखेरीस त्यातून एक नकाशा निघतो. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा नकाशा पाहिलात तर शहर आणि भोवतालचा भाग फिका दिसतो. शहर मागे टाकून निजामाबादकडे, आणि पुढे हद्द ओलांडून आमच्या देगलूर-बिलोलीकडे सरकावं, तसा रंग गडद होत जातो. गडद म्हणजे उशिरा आलेले. आतडं सगळ्यांचं सारखंच. पण शहरातला माणूस गाठ लहान असताना येतो, आणि तिकडचा येतो तो ती यकृतात पसरल्यावर.

असं का, हे दर वर्षी बैठकीत विचारतात, आणि सगळे माझ्याकडे बघतात. कारण मी ‘तिकडचा’. मी कारणं सांगतो. अंतर फार. खालच्या अंगाच्या दुखण्याची लाज. रक्त दिसलं की मूळव्याध म्हणून पुडी देणारे वैदू. शेतातली कामं. डॉक्टर मंडळी माना डोलावतात. यातलं एकही कारण खोटं नाही. फक्त एक कारण मी सांगत नाही.

आमचं घर काचीगुड्याला, स्टेशनपासून चालत येण्यासारखं. हे घर म्हणजे आमच्या सगळ्या गणगोताची धर्मशाळा. निजामाच्या वेळेपासून तिकडच्या माणसाला मोठं शहर म्हटलं की हैदराबाद; आता राज्य वेगळं झालं तरी मोठ्या दुखण्याला पाय इकडेच वळतात. आणि इथे आलेला पाहुणा लॉजवर उतरला, तर तो आमच्या घराण्याचा अपमान. मग चुलत चुलते येतात, मावशीचे दीर येतात, सोबत ज्वारीचं गाठोडं आणि एक्स-रेची पिशवी. दोन खोल्या, एक संडास. पेशंट आत झोपतो, आम्ही बाहेर. मी दवाखान्यातला म्हणून चिठ्ठी काढणं, रांग धरणं, डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगणं — सगळं माझ्याकडे. लोक म्हणायचे, बाळू आहे तिथे, काळजी नाही. मला ते आवडायचंही. खोटं कशाला बोलू?

आता दाजी. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. अक्का माझी थोरली बहीण, देगलूरजवळच्या खेड्यात दिलेली. दाजी हळद लावायचे आणि हद्दीपलीकडे निजामाबादच्या बाजारात नेऊन विकायचे. उंच, हाडापेरानं मोठा माणूस, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. लग्नात कानपिळीला मी त्यांचा कान जरा जोरातच पिळला होता — मी तेव्हा अर्ध्या चड्डीत, आणि ‘बहिणीला नीट वागवा’ हे नवरदेवाला बजावायची जबाबदारी अगदी मनावर घेतलेली. तो किस्सा त्यांनी जन्मभर पुरवला. चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “ह्यानं माजा कान धरलाय. ह्येचं ऐकावंच लागतंय बगा.” दाजी-मेव्हण्याचं आमचं नातं असं, थट्टेचं. सरळ बोलणं आमच्यात कधी झालंच नाही.

म्हणूनच दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला तोही थट्टेतच आला. म्हणाले, मेव्हणे, सकाळी आमच्याकडे रोज रंगपंचमी चालली आहे. मी हसलो. मग त्यांनी तसंच हसत हसत सांगितलं की रक्त पडतं, कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, आणि पायजम्याची नाडी आता पोटाला वेढा घालून उरते. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. हैदराबादला येऊन एकदा दाखवतो, म्हणाले. तुमच्याकडेच उतरेन.

मी दोन-तीन प्रश्न विचारले. रक्त वेगळं पडतं की शौचात मिसळून? दुखतं का? भूक कशी? हे प्रश्न मी रोज विचारतो — उत्तरं कुठल्या बाजूला गेली म्हणजे काय, हे मला झोपेतही कळतं. त्यांची उत्तरं कॅन्सरच्या बाजूला गेली.

इथे मला थांबावंसं वाटतंय. ‘मला तेव्हा वाटलं मूळव्याधच असेल’ असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. मीही बरीच वर्षं ठेवायचा प्रयत्न केला. पण नाही — मला कळलं होतं. खात्री नव्हती, खात्री दुर्बिणीशिवाय होत नाही. पण दुर्बिणीची तपासणी लगेच व्हायला हवी, एवढं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं.

आणि मी म्हणालो, “दाजी, मूळव्याध आहे. तिखट कमी करा, इसबगोल घ्या. हळद निघाली की या निवांत.”

का म्हणालो? कारण अगदी क्षुद्र आहे. तो अख्खा पावसाळा एक दूरचे काका आमच्याकडे होते, पोटावर शौचाची पिशवी लावलेले. घराला वास लागला होता. ते गेल्यावर आम्ही भिंतींना रंग दिला, संडासात नव्या फरशा बसवल्या. बायकोनं कधी तक्रार केली नव्हती, तेव्हाही नाही. तिच्यावर हे ढकलू नका. मीच फरशांकडे बघत फोनवर बोलत होतो आणि माझ्या मनात आलं — पुन्हा तेच? एवढ्यात? दिवाळी तरी नीट होऊ दे. बस्स. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा जीव आणि माझ्या संडासातल्या फरशा. मी फरशा निवडल्या.

ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. आता निवांत झोप लागंल.” आवाजात सुटका होती. ती मला ऐकू आली, आणि मी फोन ठेवला.

दिवाळी नीट झाली. मग संक्रांत झाली. या सगळ्या दिवसांत मी उलट फोन करू शकलो असतो ना? एक फोन — दाजी, मी पुन्हा विचार केला, उद्याच निघा. रोज मनात यायचं. पण ते म्हणायचं म्हणजे मी आधी चुकीचं बोललो हे कबूल करायचं. रोज एक दिवस उशीर व्हायचा, आणि उशीर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करणं आणखी अवघड व्हायचं.

मागाहून मला आणखी एक कळलं. देगलूरच्या डॉक्टरनं त्यांना मधे एकदा बजावलं होतं, नांदेडला जाऊन दुर्बीण करून घ्या म्हणून. दाजींनी त्याला ऐटीत सांगितलं की आमचा मेव्हणा हैदराबादला कॅन्सरच्याच दवाखान्यात आहे, त्यानं सांगितलंय मूळव्याध आहे. त्यावर तालुक्याचा डॉक्टर काय बोलणार? दवाखान्यात आपला माणूस नसता तर दाजी कदाचित वेळेवर गेले असते. बैठकीत मी सांगत नाही ते कारण हे — तिकडच्या घराघरांत असा एक शहरातला शहाणा असतो, आणि त्याच्या शब्दावर लोक विसंबून बसतात.

हळद उपटून झाली, शिजवून झाली, वाळली. होळीनंतर ते आले. काचीगुडा स्टेशनवर मी त्यांना ओळखलं नाही. अक्का शेजारी होती म्हणून कळलं.

सगळ्या तपासण्या झाल्या आणि त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाई तरुण, कामात चोख, तेलुगू बोलणाऱ्या. मराठी पेशंट असला की बाई मला बोलावून घेत, तसं त्या दिवशीही बोलावलं. अक्का बाहेर बाकावर होती. बाईंनी तेलुगूत विचारलं, त्रास सुरू झाल्यावर यांनी आधी कुणाला विचारलं होतं? मी तो प्रश्न मराठीत केला.

दाजी म्हणाले, “ह्यांनाच की. दसऱ्याच्या आदी फोन केल्ता मेव्हण्यांना.”

बाई माझ्याकडे बघत होत्या, मी काय सांगतो त्याची वाट बघत. आणि मी तेलुगूत म्हणालो — कुणालाच विचारलं नाही. घरातही सांगितलं नाही. लाजेपायी लपवून ठेवलं.

किती सहज बोललो मी. ते वाक्य मी असंख्य पेशंटांच्या तोंडून ऐकलेलं, तयारच होतं.

बाईंचा पारा चढला. त्यांचंही चूक नव्हतं. दिवसभर उशिराच आलेली माणसं बघून त्या वैतागल्या होत्या. म्हणाल्या, तिकडचे लोक असे का वागतात? शिकलेला नातेवाईक इथे दवाखान्यात असताना यांना एक फोन करता आला नाही? विचारा त्यांना. आणि मी — मी ते विचारलं. त्यांच्या डोळ्यांत न बघता, मराठीत, जवळजवळ शब्दशः. दाजी, बाई म्हणतात, मेव्हणा इथे असून तुम्ही एक फोन का केला नाही?

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग बाईंकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं बाई. माजंच चुकलं.”

हे मी बाईंना तेलुगूत करून सांगितलं. ते मात्र बरोबर सांगितलं.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की माझं तेलुगू त्यांना कळलं नाही. प्रश्न ऐकून ते गोंधळले असतील, मोठ्या डॉक्टरपुढे गरीब माणूस हात जोडतोच. ते पावसाळ्याच्या तोंडाशी गेले, गावी, अक्काच्या मांडीवर. त्याआधी उपचारांपुरते ते आमच्याकडे राहिले, नव्या फरशांच्या संडासात मी त्यांना धरून नेलं, त्यांचं सगळं केलं. बायको अजून म्हणते, सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंत. दाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त थट्टा बंद झाली. कानाचा किस्सा त्यांनी पुन्हा काढला नाही.

तेराव्याला निजामाबादहून एक हळदीचा व्यापारी आला होता. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून त्याच्याशी बोलायला लोकांनी मला पुढे केलं. तो तेलुगूत म्हणाला, यांच्यासारखा माणूस नाही, इतकी वर्षं व्यवहार केला, आणि तेलुगू असं बोलायचे की परके वाटायचे नाहीत. मी त्याच्यासमोर हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होतो.

म्हणजे त्या खोलीत त्यांना सगळं कळलं होतं. मी काय म्हणालो तेही, बाई का चिडल्या तेही. मला कसं सुचलं नाही — जो माणूस उभा जन्म निजामाबादच्या बाजारात हळद विकतो, तो काय खुणेनं विकेल? सगळं कळून त्यांनी हात जोडले. माझ्या साहेबांसमोर, माझ्या नोकरीच्या जागी, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली.

आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या भाऊबिजेला मी गेलो. अक्कानं मला ओवाळलं नाही. आता मी कशी ओवाळू म्हणाली, आणि सुनेला पुढे केलं. ती स्वतः खांबाला टेकून उभी राहिली, उघड्या कपाळानं, बघत. जेवायला वाढताना माझ्याशेजारी बसली. म्हणाली, “ते जाताना मला सांगून गेले बग. बाळूनं दसऱ्यालाच बोलावलं होतं, मीच ऐकलं न्हाई. बाळूला बोल लावू नको.” मग माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि वर तूप ओतत म्हणाली, “कान पिळून आणायचं होतंस रे त्यांना. तुजं ऐकलं असतं त्यांनी.”

मी पोळी संपवली. निघताना तिनं दर वर्षीसारखी हळदीची पिशवी दिली, तीही घेतली.

ती हळद आमच्या घरात रोज वापरली जाते. नकाशा दर वर्षी मीच काढतो, आणि अक्काचा तालुका गडदच असतो.