मागास तालुक्याची हजेरी
बारावीनंतर मला पहिली नोकरी लागली ती मलकापूरच्या अलीकडं निघालेल्या कारखान्यात. साल नव्वदीच्या मध्यातलं. तिथं विजेची बटणं आणि सॉकेट जोडायचं काम चाले. मालक कोल्हापूरचे. आमचा तालुका सरकारदरबारी मागास, म्हणून इथं कारखाना काढणाऱ्याला काही वर्षं विक्रीकर माफ होता. अट एकच, कामावरची बहुतेक माणसं तालुक्यातली हवीत. प्रत्यक्षात कामगारांची गाडी रोज कोल्हापूरच्या उद्यमनगरातून भरून यायची. इथल्यांना शिकवत बसायला वेळ कुणाला आहे, असं मालक म्हणायचे. तालुक्यातली म्हणून आम्ही चौघंच: दोन वॉचमन, एक झाडणारी बाई आणि हजेरी लिहिणारी मी.

एका सोमवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गुरुवारी उद्योग खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. तुमच्या बौद्धवाड्यातल्या पंधरा बायका एक दिवस आण आणि त्यांची नावं दिवाळीपासूनच्या हजेरीत घाल, असं त्यांनी सांगितलं. माफी गेली तर कारखाना बंद, म्हणजे तुझीही नोकरी गेली, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही. मी मान हलवली. दोन दिवस नव्या रजिस्टरात खुणा भरत बसले. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं बदलली. चौथं नाव माझ्या आईचं होतं.

घरी मी आईला आणि वाड्यातल्या बायकांना एवढंच सांगितलं, की एक दिवसाचं काम आहे. दुसऱ्याच्या रानात उन्हात तण काढत भांगलणीला जाणाऱ्या त्या बायका, सावलीत बसायचं म्हटल्यावर हसत तयार झाल्या.

गुरुवारी उद्यमनगरची गाडी आलीच नाही. टेबलांशी आमच्या बायका बसल्या होत्या. साहेब आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. रजिस्टर हातात धरून ते एकेका टेबलाशी थांबत होते, आणि मी भिंतीला टेकून त्यांची पावलं मोजत होते. ते नेमके आईजवळ थांबले आणि बटण जोडून दाखवा म्हणाले. आईनं सुटे भाग हातात घेतले, फिरवून पाहिले. आतली स्प्रिंग उडून खाली पडली.

साहेबांना बघून घाबरली, असं म्हणून मालक हसले. साहेब हसले नाहीत. इथं किती महिने झाले, असं त्यांनी आईला विचारलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहत राहिले.

"मी आजच आलोय साहेब," ती म्हणाली. "पर शिकवलं तर जमंल की. का न्हाय जमायचं?"

मग रजिस्टरावर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? मालक माझ्याकडं वळले. माझं, मी म्हणाले. कुणी लिहायला सांगितलं? माझा आवाज इतका खाली गेला होता की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"मालकांनी," मी म्हणाले.

साहेब रजिस्टर घेऊन गेले. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच मालक बोलले. परतीच्या वाटेवर मी आईला तोडून बोलले, की तुझ्यामुळं माझी नोकरी गेली.

"आदी सांगितलं असतंस तर मी आलोच नसतो," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली. आठ दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

नवव्या दिवशी मालकांची गाडी वाड्याच्या तोंडाशी थांबली. खात्यानं तीन महिन्यांची मुदत दिली होती: खरोखर इथली माणसं घ्या, नाहीतर माफी रद्द. मी परत यावं आणि त्या बायकांनाही आणावं, असं ते म्हणत होते. मी लगेच हो म्हणणार होते. तेवढ्यात आई दारात आली.

"आदी समद्यांच्या हातात नेमणुकीचा कागुद द्या, पावणं," ती म्हणाली. "मग येतो."

मालकांचा चेहरा कसनुसा झाला, पण आठवड्यात कागद आले. पंधरातल्या अकराजणी कामाला लागल्या. महिन्याभरात आईचा हात बसला, आणि वर्षानं नव्या पोरींना तीच शिकवू लागली.

दोन हजार साल उलटल्यावर माफीची वर्षं संपली. वर्षाच्या आतच मालकांनी यंत्रं दुसऱ्या जिल्ह्यात हलवली, जिथं माफी नव्यानं मिळणार होती. यंत्रं ट्रकवर चढत असताना आम्ही फाटकाशी उभ्या होतो. मी पुढं कोल्हापुरात कारकुनी धरली. आई मात्र भांगलणीला परत गेली नाही. मलकापुरातल्या विजेच्या दुकानदाराकडं जाऊन तिनं काम मागितलं आणि तिथं ती घरोघरी लागणारे स्विचबोर्ड जोडून द्यायला लागली.