अर्ध्या कोठीवरचा पहिला नंबर

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी खामगावच्या बाजारात मेथीची जुडी बघत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी काय केलं, तर त्या जुडीतली पिवळी पानं काढत राहिलो. भाजीवालीने दोनदा विचारलं, घ्यायची का म्हणून... अशा वेळी माणसाला म्हणे मोठमोठे विचार सुचतात. मला सुचलं ते एवढंच, की आता पहिल्या नंबरचं काय?

हे म्हणजे त्यांचा नवरा पुंडलिक, माझा कॉलेजातला खोलीसोबती. सोनाळ्याचा कपाशी-संत्र्याचा शेतकरी. मी शाळामास्तर. आमच्या मैत्रीचा अर्धाअधिक भाग एका भांडणाचा होता, आणि ते भांडण ऐकून आमच्या दोघांच्याही घरचे कपाळाला हात लावत. जगातला सर्वांत थोर बासवाला कोण? रॉक आणि मेटलच्या गाण्यांत पुढे गाणारा घसा फोडतो, गिटारवाला केस उडवतो, आणि मागे एकजण जाड तारांच्या गिटारीवर सगळ्यांना धरून ठेवतो, तो बासवाला. अकोल्याला शिकायला होतो तेव्हा जुन्या बाजारातून आणलेल्या कॅसेटींना कव्हरं नसत. वाजवणाऱ्याचं नाव काय, गाव काय, काही पत्ता नाही. मग पुंडलिकने बारसं उरकलं. बोटं टपटप उधळणारा तो घोडेस्वार. तारेवर घाव घालणारा मेटलवाला तो कुदळ्या. आणि सरळ ओळीत, रोपाला धक्का न लावता तण काढणारा डवरा चालावा तसा वाजवणारा तो डवऱ्या. पुढे मोबाइलमुळे सगळ्यांची खरी नावं कळली, पण आम्ही ती कधी वापरली नाहीत. घरात पोराला बाळ्या म्हणायची सवय लागली की शाळेतलं नाव कोणाच्या तोंडात बसतं?

माझा पहिला नंबर घोडेस्वाराचा, त्याचा डवऱ्याचा. कुदळ्या तिसरा, यावर मात्र एकमत. शिक्षण संपवून तो शेतावर गेला आणि मी नोकरीला लागलो, तसं पुंडलिकने या भांडणाला शिस्त लावली. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी सोनाळ्याला जायचं. बैलांना सुट्टी, म्हणून त्यालाही सुट्टी. त्याच्या मधल्या खोलीत ज्वारीची टिनाची कोठी आहे, माणसाच्या छातीएवढी, निळ्या रंगाची. तिच्या शेजारी स्पीकर ठेवायचा, वरचे सूप-डबे उतरवायचे आणि झाकणावर पंजा ठेवून ऐकायचं. "कान फसवते बे," तो म्हणे, "हात नाही फसवत." भरलेली कोठी मुकी आणि रिकामी बडबडी, अर्धी असली तरच खरं बोलते. पोळ्यापर्यंत ज्वारी नेमकी अर्ध्यावर आलेली असे, म्हणून करीचा मुहूर्त. नियम एकच. दोघांनी मिळून हात ठेवून ऐकल्याशिवाय कोणाचा नंबर हलवायचा नाही.

त्याचा पंजा झाकणावर एकाच जागी पडायचा. तिथला निळा रंग उडून पत्रा पांढरा पडला होता. डवऱ्या मध्येच एखादा सूर सोडून द्यायचा, तेव्हा पुंडलिक डोळे मिटून म्हणायचा, "हे पाय. वाजवलं नाही ते पाय." वाजवलंच नाही ते पाहायचं काय, हे मला कधी कळलं नाही. न वाजवण्याचे कसले मार्क द्यायचे? आत चुलीपाशी असलेल्या सुमनवहिनी म्हणायच्या, "झालं असन तं जेवाले या." झालेलं कधीच नसायचं.

त्याला जुनं दुखणं होतं, ते यंदाच्या उन्हाळ्यात हाताबाहेर गेलं. शेवटचा भेटलो तो अकोल्याच्या दवाखान्यात. हाताचं नुसतं चिपाड झालेलं. मला राहवलं नाही.

"पुंडलिक, दिला बे तुह्या डवऱ्याले पहिला नंबर. तू जिंकला."

त्याने उशीवरून मान वळवली. "काऊन?"

"पटलं मले."

"ऐकलं का?"

"नाही..."

"मंग? मी मरून राह्यलो म्हणून खैरात वाटून राह्यला का? डवऱ्या भीक नाही मागत." त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाला, "करीले ये घरी. कोठीवर हात ठेव. मंग दे."

मी मान डोलावून "हाव" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कर यायच्या आत तो गेला. ज्याला वचन दिलं तो माणूस गेला तरी वचन जागेवर राहतं, याचा मला फार राग आला.

करीला गेलो. घरात पोळा झाला नव्हता, बैल नुसते धुऊन बांधले होते. मला वाटलं होतं वहिनी रडतील, मीही रडेन. पण त्यांनी सूप आणि डबे आधीच खाली उतरवून ठेवले होते. "या," म्हणाल्या, "ज्वारी अर्धी हाय."

"वहिनी, पण नियम दोघांचा..."

"मंग मी कोण हाय?" असं म्हणून त्यांनी झाकणावर हात ठेवला. मीही ठेवला. मधली पांढरी जागा दोघांनीही मोकळी सोडली.

आधी घोडेस्वार लावला, मग डवऱ्या. डवऱ्याने तो सूर सोडला. पत्रा थरथरता थरथरता थांबला, आणि त्या क्षणभराच्या गप्पपणात पुढचा सूर येणार याची माझा पंजा वाट बघायला लागला. इतकी वर्षं पुंडलिक हेच दाखवत होता. मला हुंदका आवरला नाही. डोळे पुसत म्हणालो, "वहिनी, डवऱ्या पहिला. खरोखर पहिला."

वहिनींनी मान हलवली. "मले तं पहिल्यापासून तुमचा घोडेस्वार आवडे. तो लागला का माह्या मांडणीतले ताटं नाचत. ह्यांच्यासमोर नाही बोलली कधी."

"अवं पण मी आज डवऱ्याले नंबर द्याले आलो!"

"मंग भांडा माह्यासंगं."

मग आम्ही भांडलो. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. वहिनी घोडेस्वाराच्या बोटांचं कौतुक करत होत्या आणि मी हमरीतुमरीवर येऊन म्हणत होतो, "हे पाहा, वाजवलं नाही ते पाहा!" शेवटी झाकणावर पंजा आपटला, आणि खाली बघितलं तर माझा हात त्या पांढऱ्या जागेवर होता.