वरच्या फळीवरची मिठाची बरणी

'मीठ कमी खा', असं तुम्ही आजवर किती जणांना बजावलंय? आणि बजावण्याआधी, त्या माणसाला मीठ का हवंय, हे किती वेळा विचारलंय?

मी नाही विचारलं. दीड महिन्यापूर्वी चाकणमध्ये एका कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत असताना काकूंचा फोन आला. "पोरी, काका गेले बघ..." हातातला गठ्ठा हातातच राहिला. रडू आलं नाही. भीती वाटली, ती अजून गेलेली नाही.

गौतमकाका म्हणजे बाबांचे भोसरीच्या फोर्जिंग कारखान्यातले, भट्टीवरचे सोबती. मी वाचायला शिकले ती त्यांनी आणलेल्या पत्रकांवर. प्रत्येक शिफ्टला मीठ-लिंबाच्या पाण्याचं पिंप भरायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. "घामातनं मीठ जातं, पोरी. पायात गोळा आला की माणूस भट्टीतच जायचा." मी मोठी झाल्यावर वस्तीतल्या रक्तदाबाच्या मोहिमेसाठी पहिलं पत्रक लिहिलं, 'मीठ म्हणजे पांढरं विष!' काकांनी ते दारोदार वाटलं. एक स्वतःच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या भिंतीला खळ लावून चिकटवलं.

गेल्या वर्षी आजारपणात त्यांचं मोठं आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथं पिशवी बसवली. "पुढं पिशवी! कांगारूच झालो की गं," म्हणून तेच आधी हसले. घरी सोडताना मिळालेल्या इंग्रजी कागदावर आहाराबद्दल एकच शब्द होता... 'लाइट', म्हणजे हलका. काकूंनी हलका म्हणजे अळणी असं धरलं. माझं पत्रक समोर होतंच. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. बिनमिठाची पेज आणि तांब्यामागून तांब्या साधं पाणी. पिशवी पाण्यासारख्या पातळ मळानं भरायची, काका ती रिकामी करायचे, आणखी पाणी प्यायचे.

एका सकाळी मी गेले तर काका पोटऱ्या चोळत बसले होते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"गोळे येतायत गं, भट्टीवर यायचे तसे. ती बरणी काढ. चिमूटभर पाण्यात टाक."

"काका, भट्टी सुटली आता. मीठ मिळायचं नाही."

"बरं, लेखिकाबाई. तुझं पत्रक मीच वाटलंय, मोडू कसा?"

मी बरणी आणखी आत सरकवली... चार दिवसांनी ते मोरीत चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेईपर्यंत मूत्रपिंडं निकामी झाली होती; तिथूनच काकूंचा तो फोन आला.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला नंतर समजावलं. मोठं आतडं नसलं की पाण्याबरोबर मीठही पिशवीतून जात राहतं, आणि नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं तर ते अंगातलं उरलंसुरलं मीठही ओढून नेतं. अशा बहुतेकांना जास्त मीठ लागतं, मापात केलेलं मीठ-साखरेचं पाणी लागतं, भात, केळं, बटाटा असं मळ घट्ट करणारं अन्न लागतं, तेही बारीक चावून. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. "गोळे आले त्याच दिवशी आणायचं होतं हो," त्या म्हणाल्या. काकांना भट्टीनं हे शिकवलं होतं. मी त्यांना गप्प बसवलं. आता पेन उचलते आणि परत ठेवून देते.

परवा मी ते पत्रक खरवडायला गेले तर काकूंनी हात धरला. "राहू दे. त्यांच्या हातची खळ हाय ती." बरणी मात्र त्यांनी खाली आणलीय, पत्रकाच्या बरोबर पुढ्यात.

तुमच्या घरात, चाळीत, कारखान्यातल्या लाईनवर कुणी पोटावर पिशवी घेऊन परतलं असेल, तर याच आठवड्यात त्याच्यासोबत दवाखान्यात जा. मीठ किती, पाणी कुठलं आणि किती, गोळे आले किंवा लघवी कमी झाली तर कुठं धावायचं, हे विचारा. मराठीत लिहून घ्या. ते भिंतीवर लावा. आणि काकूंची भिंत सोडून कुठंही माझं ते पत्रक दिसलं, तर फाडून टाका.