चौथ्या खुर्चीपुढची रेघ

शाळेतल्या प्रत्येक समारंभाचे नियोजनपत्रक मी तयार करीत असे. उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक कृतीपुढे मिनिटे. २००९ च्या सव्वीस जानेवारीचे पत्रकही मीच आखले. दोन महिन्यांपूर्वी मुंबईवर हल्ला झाला होता आणि त्यात आमच्या शाळेचे एक पालक, पोलीस शिपाई, कामावर असताना गेले होते. रात्रपाळी संपली की उमेळ्याला घरी न जाता ते थेट पालकसभेला येत आणि शेवटच्या बाकावर बसल्या बसल्या झोपत. त्याबद्दल मी त्यांना एकदा सर्वांसमोर बोलले होते.

झेंडावंदनानंतर त्यांच्या पत्नीचा सत्कार करायचे ठरले. व्यासपीठावर चार पाहुण्या बसणार होत्या. शिपायांच्या पत्नीची खुर्ची चौथी. पत्रकात मी तीन रकाने केले: हळदकुंकू, गुलाबाचे फूल, शाल-श्रीफळ. चौथ्या खुर्चीपुढे, पहिल्या रकान्यात, मी पट्टी धरून एक आडवी रेघ मारली. विधवेला कुंकू लावायचे नसते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मुख्याध्यापकांनी न वाचताच सही केली.

“बाई, तुमच्या कागदात काही बघावं लागत नाही,” ते म्हणाले.

हळदकुंकवाचे तबक माझ्याच हातात होते. पहिल्या दोघींना लावले. तिसऱ्या खुर्चीवर भुईगावच्या एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका होत्या. त्यांनी हसून कपाळ पुढे केले, त्यांनाही लावले. मग पत्रकाप्रमाणे मी वळले, आणि वळता वळता दिसले की चौथ्या खुर्चीवरचे कपाळही पुढे झुकले आहे. डोळे मिटलेले होते. माझ्या बोटाला कुंकू होते. मधले अंतर हातभर. मी पायऱ्या उतरून खाली आले.

पुढचे सारे मिनिटांबरहुकूम झाले. स्तब्धता, सत्कार, दोन भाषणे. दोन्ही भाषणांत त्यागाचा गौरव होता. त्या वेळी मला काही वाटल्याचे आठवत नाही. बोट रुमालाला पुसल्याचे आठवते.

चहाच्या वेळी शिपायांच्या पत्नी शिक्षकखोलीत माझ्याजवळ आल्या. मिळालेली शाल घडी करून त्यांनी काखेत धरली होती.

“बाई, माझंच चुकलं. सवयीनं मान पुढं गेली.”

“असू द्या,” मी म्हणाले.

क्षमा त्यांनी मागितली आणि मी ती दिली. हा क्रम उलटा होता, हे लक्षात यायला मला काही महिने लागले.

ऑगस्टमध्ये पंधरा तारखेच्या कार्यक्रमाचे निमंत्रण घेऊन मी स्वतः उमेळ्याला त्यांच्या घरी गेले. त्या चहा गाळत होत्या. विचारायचे वाक्य मी रिक्षातच जुळवून ठेवले होते. या वेळी तुम्हालाही हळदकुंकू लावले तर चालेल का, असे मी विचारले. गाळणी रिकामी करून त्यांनी ती धुतली, जागेवर अडकवली, मग बोलल्या.

“बाकीच्या तिघींना विचारलंत का, बाई?”

मी नाही म्हटले.

“मग मलाच का विचारता? लावायचं तर सगळ्यांना लावा. नाहीतर कोणालाच नको.”

कार्यक्रमाला येणार की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

नवे पत्रक मुख्याध्यापकांनी या वेळी वाचले. त्यांचे बोट चौथ्या ओळीवर थांबले.

“बाई, इथे रेघ मारायची राहिली.”

“राहिली नाही, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले आणि शेवटी सही केली.

पंधरा ऑगस्टला त्या आल्या आणि चौथ्या खुर्चीवर बसल्या. पहिलीने, दुसरीने, तिसरीने नेहमीसारखी मान पुढे केली. मी चौथ्या खुर्चीसमोर उभी राहिले. समोर पालकांच्या रांगेत दोघी-तिघी एकमेकींशी कुजबुजल्या. त्या मात्र ताठ बसून होत्या. डोळे उघडे होते. मान तसूभरही पुढे आली नाही. हात मलाच पुरता लांब करावा लागला.