टोपण लावलेलं पेन

सबनीस साहेब लोकांचं मत ऐकायला बसले की हातात पेन धरत. काळं, जाडजूड, साहेबी थाटाचं. समोरचा बोलत असताना ते मान डोलवत, पेन कागदावरून फिरवत आणि शेवटी म्हणत, "तुमचं मत नोंदवून घेतलं." पेनाचं टोपण मात्र लावलेलंच असे. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं, आणि मी तर समितीचा सचिव, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसणारा.

आखातातल्या मदिनत खलीफा या वस्तीतल्या आमच्या कंपाउंडचे ते अध्यक्ष. मूळचे पुण्याचे, इथे गॅस कंपनीत इंजिनिअर. वीसेक व्हिला, मधून एक रस्ता, दोन टोकांना दोन फाटकं. शाळा सुटायच्या वेळी बाहेरच्या गाड्या सिग्नल चुकवायला मागच्या फाटकातून घुसत आणि भरधाव पुढून निघत. रस्त्यावर मुलं सायकली चालवत असत, तेव्हा तक्रार खोटी नव्हती. सबनीसांनी उपाय काढला: मागचं फाटक काढून तिथे भिंत. सगळ्या व्हिलांचा घरमालक एकच, तो तयारच होता. "पण आधी सगळ्यांना विचारायचं," ते म्हणाले. "लोकशाही आहे आपल्याकडे. उद्या कुणी म्हणायला नको."

आणि विचारलं कधी, तर जुलैच्या मध्यावर! शाळांना सुट्टी लागली की अर्धं कंपाउंड भारतात गेलेलं असतं. कुणी लग्नाला, कुणी गावच्या घराच्या रंगकामाला. 'आठ दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल,' हा मजकूर ग्रुपवर मीच टाकला. त्याखाली चार अंगठे आले आणि एक केकचं चित्र, तेही दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसासाठी. सबनीसांनी जाहीर केलं, "एकमताने मंजूर."

एकमत म्हणायला एकच बाई आड आली. वसईची फिलोमिना, नर्स, कोपऱ्यातल्या व्हिलात एक खोली घेऊन राहणारी. हॉस्पिटलची बस मागच्या फाटकाबाहेर थांबे. भिंत झाल्यावर तिला पुढून बाहेर पडून अख्ख्या वस्तीला वळसा घालावा लागणार होता, तोही ऑगस्टच्या उन्हात, बारा तासांची ड्युटी करून.

"साहेब, गाड्या अडवा ना. माणसांना कशाला अडवता?" समितीच्या बैठकीत येऊन ती म्हणाली. "चालत जाण्यापुरतं एक छोटं दार ठेवा, खलास."

"तुमचं मत नोंदवून घेतलं, सिस्टर," सबनीस म्हणाले. ती त्या टोपणाकडे बघत राहिली. मी खाली मान घालून मिनिट्स लिहीत होतो, आणि त्यात तिचं वाक्य मी घातलं नाही.

भिंत झाली. फिलोमिना छत्री घेऊन वळसा घालू लागली, आणि आम्ही एसी गाड्यांतून तिला हात करून पुढे जात राहिलो.

पुढच्या मे महिन्यात सबनीसांच्या डोळ्यांचं काही निघालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्यांच्या ऑफिसची बसही भिंतीपलीकडेच थांबे. मग साहेब पॉलिश केलेल्या बुटांत, घामाने निथळत, वळसा घालताना दिसू लागले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. एकदा फाटकाशी दोघं बरोबर दिसली. फुटपाथची कडा त्यांना नीट दिसत नव्हती, म्हणून फिलोमिनाने त्यांचा दंड धरला होता. "यल्ला साहेब, चला, सांभाळून," ती म्हणत होती. टोमणा मारायची याहून चांगली संधी मिळाली नसती, पण तिने मारला नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "सिस्टर बरोबर बोलत होत्या. दार हवं. ऑक्टोबरमध्ये सगळे परत आले की समोर बसवून विचारू. नीट विचारू."

आणि खरंच नीट विचारलं. झाडून सगळे हजर. सबनीसांनी स्वतःची चूक सगळ्यांसमोर कबूल केली आणि प्रथमच पेनाचं टोपण काढलं. "दार हवं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

फिलोमिनाचा हात वर गेला. सबनीसांनी आपला केला. बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते. "आता सवय झालीय हो," कुणीतरी म्हणालं. "बाहेरची माणसं आत यायला लागतील," दुसरं म्हणालं. गेल्या वर्षी जुलैत आपल्याला विचारलं नाही म्हणून वर्षभर बोंब मारणारेच हे लोक! माझी गाडी दारात उभी होती. माझाही हात मांडीवरच राहिला.

सबनीसांनी कागदावर 'दोन' लिहिलं. मग सावकाश टोपण लावलं.

डिसेंबरात ते नोकरी सोडून पुण्याला गेले. फिलोमिनाने त्याआधीच अल सद्द या दुसऱ्या वस्तीत खोली घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ते काळं पेन माझ्या हातात ठेवलं. "आता अध्यक्ष तुम्ही. लागेल तुम्हाला."

परवाच पार्किंगबद्दल लोकांची मतं घेतली. पेन माझ्या हातात होतं. घरी आल्यावर बघितलं, टोपण लावलेलंच होतं.