गुप्ततेचं पांढरं वर्तुळ

मालकाच्या मेव्हण्याला साइटवर आम्ही सगळे ‘शांतता’ म्हणत असू. कुठेही आला की तो आधी तोंडावर बोट ठेवायचा. माणूस वाईट नव्हता. त्याने पंखे विकून पाहिले, चष्मे विकून पाहिले, मग काहीच विकलं नाही. शेवटी बहिणीने नवऱ्याचं डोकं खाऊन त्याला आमच्याकडे चिकटवला.

मालकाने त्याला काम दिलं एकच. "शेजारच्या बांधकामाचा मुकादम आपलं बोलणं चोरून ऐकतो. ते बंद कर. नाही जमलं तर घरी बस."

तक्रार खरी होती. जवळपास काँक्रीटचा प्लांट एकच, गाड्या मोजक्या. आधी फोन करेल त्याचा स्लॅब आधी. वर मोबाईल न्यायला बंदी, म्हणून आमचा मुकादम वॉकी-टॉकीवरून खाली ऑफिसला सांगायचा, "लोखंड बांधून झालं, गाड्या मागवा." शेजाऱ्यांकडेही तसलेच वॉकी-टॉकी. आमचं ऑफिस फोन उचलेपर्यंत गाड्या तिकडे वळलेल्या. सांकेतिक शब्द वापरून पाहिले. आठवड्याभरात शेजारचे मजूर तेच शब्द आम्हाला नळावर ऐकवू लागले.

"शब्द लपवून काय होणार?" शांतता म्हणाला. "लहरच त्यांच्या हाती लागता कामा नये."

त्याने जिन्याच्या माथ्यावर एक अँटेना बसवला, तोंड फक्त ऑफिसकडे. बाजूला एक पेटी. ती शेजाऱ्यांच्या दिशेने नुसती खरखर फेकायची. आमच्या ऑफिसातलं यंत्र ती खरखर ओळखून गाळायचं. परक्याच्या कानात मात्र खरखरच. रस्त्यावर उभं राहून आम्ही ऐकून पाहिलं. एक शब्द कळला नाही. तेवढं त्याचं कबूल करायला हवं.

पण बोलायचं ते अँटेनाच्या वायरला वॉकी-टॉकी जोडून, तिथेच. म्हणून त्याने तिथे पांढऱ्या रंगाचं ऐसपैस वर्तुळ काढलं.

"अहो, मी काम करणार त्या टोकाला," मुकादम म्हणाला, "आणि बोलायला इथवर चढू?"

"गुप्ततेला कष्ट पडतात."

"पडतात हो. पण कोणाला?"

पुढच्या स्लॅबला मुकादम फळ्यांवरून धावत आला, धापा टाकत वर्तुळात चढला आणि बोलला. ऑफिसने फोन लावला. प्लांटवाला म्हणाला, "गाड्या आत्ताच तुमच्या शेजारी निघाल्या."

शांततेचा चेहरा उतरला. त्याने खरखर इतकी वाढवली की माझ्या क्रेनचा वायरलेसही मेला. मी हातवाऱ्यांवर वजन उचलू लागलो. मग तो मुकादमावर घसरला. "तुम्हीच फुटलात!"

"मी? धाप लागून मला बोलता येईना, फुटू कधी?"

मालकाने बजावलं, "आता आणखी एक स्लॅब गेला, तर तुझ्या ताईचंही ऐकणार नाही."

संध्याकाळी शेजारचा मुकादम कुंपणाशी आला. त्यांची इमारत आमच्याहून एक मजला उंच. तिच्या कडेला खुर्ची टाकून तो बसलेला मला केबिनमधून रोज दिसायचा. मला वाटे, हवा खातोय.

"मेव्हणेसाहेब, ते वर्तुळ पुसट झालंय. जरा ठळक काढा की."

"तुम्हाला काय करायचंय?"

"उन्हात डोळे ताणावे लागतात हो. तुमचा मुकादम त्यात धावत आला की मी गाड्या मागवतो."

"आणि बोलणं?"

"छे, काही ऐकू येत नाही. काम झकास केलंत."

दुसरा कोणी असता तर त्याने वर्तुळ पुसलं असतं. शांततेने डोकं लावलं. जशी लहरींत खरखर मिसळली, तशी माणसांतही मिसळायची. सकाळपासून त्याने एकेका कारागिराला पाळीपाळीने वर्तुळात धाडलं. जायचं धावत. उभं राहायचं. वॉकी-टॉकी तोंडाला लावायचा. परत यायचं.

शेजारचा मुकादम खरंच चक्रावला. दुपारपर्यंत त्याने एकही फोन केला नाही.

दुपारी मालक आला. वर्तुळात लोखंड बांधणारा उभा होता.

"काय करतोयस?"

"उभा आहे, साहेब."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"ते गुप्त आहे."

लोखंड निम्मंही बांधून झालं नव्हतं. बांधणारे हात सकाळपासून जिना चढत होते. शेजाऱ्यांनी चारच्या सुमाराला निवांत गाड्या मागवल्या.

मालक मेव्हण्याला ओरडला नाही. फक्त म्हणाला, "यंत्र उतरव. स्वतः."

आम्ही कोणी हात लावला नाही. पेटी जड होती. जिन्यात त्याने ती दोनदा टेकवली, घाम पुसला आणि पुन्हा उचलली. खाली आल्यावर मी पाहिलं, वायर सारख्या वेटोळ्यांत गुंडाळून टोक आत खोचलेलं होतं. साइटवर दुसऱ्या कोणाला कष्ट न देता त्याने केलेलं काम ते तेवढंच.