फाटकापाशी भरलेली पिशवी
स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास आला, की दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतले ती सकाळ आठवते. मैदानावर धुकं होतं, बादल्यांतलं पाणी हाताला झोंबत होतं. शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून सुट्टीत मी तिला मिरजगावला आमच्या घरी नेणार होते. पण तिला न सांगताच मी निघून गेले होते. “दोन दिस पिशवी भरून फाटकापाशी बसली हुती,” स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या. मी तिच्यापुढे करंज्यांचा डबा धरला. तिनं एवढंच विचारलं, “तुझी आई न्हाई म्हणली का?” मी हो म्हणाले. आईला मी विचारलंच नव्हतं. घरचे लाड मला एकटीला हवे होते. आता आई नाही, आणि तिच्यावर घातलेला तो आळ मी कधीच काढला नाही.